निम्म्यावर

धुमाळ पॉइंटवरून आत वळलं की तिसरं शटर माझं.
चार बाय सहा. एक स्टूल, एक भिंग, एक टेबलफॅन,
आणि ड्रॉवरमध्ये फुगलेल्या बॅटऱ्या,
पोळी फुगते तशा, फक्त ही पोळी
कुणी वेळेवर तव्यावरून उतरवली नाही.

लोक विचारतात, ताई, कंपनीच खराब ना?
मी म्हणते, आधी सवय दाखवा.

द्वारकेचा सादिक रिक्षा चालवतो.
फोन काचेला चिकटवलेला, समोरून मे महिन्याचं ऊन,
खालून चार्जरची वायर, आणि दिवसभर नकाशा चालू.
पाठ इतकी वर आली होती
की कव्हर आपणहून सुटलं.
म्हटलं, भाऊ, तू स्वतः तरी टपाखाली बसतोस.
त्याला विडीच्या बंडलाएवढी सावली दे,
आणि तापलेला असताना वायर लावू नको.
उन्हातून आलेल्या माणसाला
दारातच जेवायला वाढतं का कुणी?

त्र्यंबकचे गुरुजी टॅबवर पूजा सांगतात,
यजमान कॅनडात, पळी-पंचपात्र इथे.
टॅब पहाटेपासून वायरीला, शंभरावर,
रात्रीही तसाच, भरलेलं असावं म्हणून.
म्हटलं, गुरुजी, नैवेद्य दाखवून ताट उचलता ना?
रात्रभर नाही ठेवत देवापुढे.
ऐंशीला उचला.
ते हसले, मग विचारात पडले,
मग आणखी एक चार्जर विकत घेऊन गेले.

जुनी माणसं अजून सांगतात,
पूर्ण उतरू दे, मगच पूर्ण भर.
खरा होता तो नियम, दुसऱ्या जातीच्या बॅटऱ्यांचा.
त्या बॅटऱ्या गेल्या, नियम मागे राहिला.
घराघरांत असे किती राहतात.
हिला उपास सोसत नाही, मेजवानीही नाही.
विसाच्या खाली शक्यतो नको,
मधेच दहा मिनिटं लावली तरी चालतं,
येता-जाता शेंगदाणे तोंडात टाकावेत तसं.

पेठ तालुक्यातल्या शाळेच्या गांगुर्डे बाई
जूनमध्ये एसटीने आल्या, पिशवीत अकरा टॅब.
सुट्टी लागली तेव्हा पोरांनी खेळून शून्यावर आणलेले,
तसेच कपाटात, कपाटाला कुलूप, रजिस्टरात नोंद.
दोन महिने.
सात उठले.
उरलेल्या चौघांचे नंबर बाई वहीत लिहीत राहिल्या,
गैरहजेरी मांडतात तशा.
मी पैसे सातांचेच घेतले
आणि बिलाच्या मागे लिहून दिलं:
ठेवून द्यायचं असेल तर निम्म्यावर ठेवा,
बंद करून, गार जागी.
भरून नाही. रिकामं तर नाहीच.

लिहिताना नजर वरच्या फळीवर गेली.
तिथे एक टॅब आहे. चिठ्ठी चिकटवलेली:
वडघुले, निफाड. काच. जमा तीनशे.
मागच्या दिवाळीच्या आधी दिलेला.
काच बसवली, फोन लावला,
हा क्रमांक अस्तित्वात नाही.
शेजारचा पट्टेवाला म्हणतो, पार्ट काढ आणि वीक.
काढीन. अजून काढलेले नाहीत.

दर दीड महिन्याने, बाजार पेंगत असतो अशा दुपारी,
धूळ पुसून त्याला वायर लावते.
समोर बसून चहा घेते,
मोजत नाही, पण पन्नास झाले की कळतं.
पडदा उजळतो. मागे कुणीतरी लहानाने
बोटाने काढलेला हिरवा घोडा, पाच पायांचा,
आणि त्यावर नऊ ठिपके, खूण विचारणारे.
मला कुठे माहीत?
पाचवा पाय शेपूट असेल कदाचित.
बंद करते, परत वर ठेवते.

माझा स्वतःचा फोन तेवढ्यात मान टाकतो,
नऊ टक्क्यांवरून एकदम.
दोन वर्षं झाली, त्याची बॅटरी बदलायची आहे.