शून्य डब्ल्यू वीस

पिंप निळं होतं. झाकणावर सील, सीलवर कोरियन अक्षरं.
त्सेवेग म्हणाला, दोघांत घेतलंत
तर लिटरमागे चार हजार तुग्रिक वाचतील.

दोघांत म्हणजे मी आणि गानखुयाग.
त्याच्या ट्रकवर लिहिलंय : तुमच्या दारात तेलबदल.
माझ्याही ट्रकवर तेच, रंग तेवढा वेगळा.
तीन वर्षं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत आलो,
बोलणं म्हणाल तर हॉर्न.

पण दोनशे लिटर एकटीला झेपत नाही,
आणि नोव्हेंबरात उलानबातारमध्ये कुणाच्या हातात पैसा असतो?
माझा आधीच गेला होता फिल्टरांत
(चोवीस घेतले की पंचविसावा फुकट,
आणि तो नेमका अशा गाडीचा, जी शहरात एकच आहे),
शंभराच्या गठ्ठ्यातल्या हातमोज्यांत,
किलोवर घेतलेल्या चिंध्यांत :
शाळेचे गणवेश फाडलेले,
एका कॉलरला अजून बटण होतं.
घाऊक घेणं म्हणजे हिवाळ्याशी पैज.
जितकं गारठेल तितकी मी शहाणी.

उणे अठ्ठावीस. कंटेनरांच्या मागे
पिंप आडवं केलं दोन ओंडक्यांवर, तोटी बसवली,
खाली वीस लिटरचा पहिला कॅन.

काही आलं नाही.
मग आलं, आपल्याच मर्जीनं,
लोंबलं, थांबलं, पुन्हा लोंबलं.
गानखुयागनं मोजा काढून थेंब चिमटीत धरला,
बोटं लांब केली.
एकतारी. मग दोनतारी.
पाक असता तर लाडू वळता आले असते.

शून्य डब्ल्यूचं तेल उणे पस्तिसालाही वाहायला हवं.
हे दोघांनाही पाठ.
दोघंही कॅनकडे बघत राहिलो,
जणू आधी जो बोलेल त्याचे पैसे बुडणार होते.

अर्ध्या तासात तीन बोटं तेल.
त्यानं थर्मासमधला खारट चहा ओतला,
झाकणात मला, बाटलीतून स्वतःला.
म्हणाला, "ज्यांची गाडी गरम गॅरेजात असते त्यांना चालेल."
"कोणाची असते?"
तो आठवू लागला. मीही.
"बायारमा?"
"ती टेकडीवर राहते. रात्रभर गाडी उघड्यावर,
पहाटे चारला बेकरी गाठते."
"बायारमा तर माझं गिऱ्हाईक."
"कधीपासून?"
तो चहा प्याला.
मग एकेक नाव निघालं,
त्यातली सात दोघांच्याही वहीत,
आणि गरम गॅरेजवाला एकही नाही.
एक होता, दंतवैद्य. तो वारला.

त्सेवेगनं आईची शपथ घेतली.
ताडपत्री वर केली : आणखी अकरा निळी पिंपं,
सगळी सीलबंद, सगळी उधारीवर आणलेली.
त्याचा चेहरा बघून मी आवाज खाली आणला,
गानखुयागनं नाही आणला.
निम्मे पैसे परत मिळाले,
उरलेल्यांचे वायपर : साठ जोड्या,
उजव्या स्टिअरिंगच्या प्रियुसला तेवढ्या बसत नाहीत,
म्हणजे शहरात जवळजवळ कशालाच नाही.
तेल जाईना, तूप मात्र गेलं.

तो हिवाळा आम्ही चार-चार लिटरचे डबे घेऊन काढला,
किरकोळ भावानं, दुकानात रांगेत,
कधी तो माझ्या पुढे, कधी मी त्याच्या.
पिंप माझ्या अंगणात.
झाकणावर त्यानं खडूनं लिहिलं होतं :
थंडीत उघडू नये. हे नारमंदाखलाही लागू.

मे महिन्यात उघडलं.
धार पडली सरळ, बारीक, आवाजसुद्धा नाही,
पिवळी, आरपार दिसणारी,
सीलवर लिहिलेलं सगळं खरं वाटावं अशी.
मी तोटी बंद केली.
गानखुयागला फोन लावला, म्हटलं, ये, वाहतंय.
तो म्हणाला, आता वाहून काय उपयोग.
तरी आला. सोबत कॅन होते, पाच.