कामकाजातून वगळलेले

पहाटे गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहतात.
ग्लासावर फेस चढतो, आणि आम्ही दोघं
शेजारी उभे राहून पितो.
ते माजी अध्यक्ष, मी माजी लघुलेखक.
फारसं बोलत नाही.
एकानं हयातभर लोकांना गप्प बसवलं,
दुसऱ्यानं लोकांचंच लिहून घेतलं.

केरबा हसुरे. मूळचे कुस्तीचे पंच.
जत्रेच्या फडात शिट्टी दातांत धरून
तांबड्या मातीला गाल टेकवायचे
आणि बघायचे, पाठ लागली का.
एकदा सख्ख्या चुलतभावाची लागली,
अर्धा क्षण. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती.
ह्यांनी शिट्टी फुंकली.
चुलत्यानं दोन वर्षं दारात उभं केलं नाही,
तिसऱ्या वर्षी त्याच शिट्टीवर
पंचायत समितीला निवडून आले.

मग कारखाना, मग तीनदा आमदारकी.
फलकावर केरबाचे केदारराव झाले.
आई तेवढी शेवटपर्यंत केरबा म्हणायची,
दिव्याच्या गाडीला शेणाचा हात लावून.

मंत्री करायचं नव्हतं, नाराज ठेवायचं नव्हतं,
अशा एका रात्रीच्या तडजोडीतून
उंच पाठीची खुर्ची आली.
पहिला सदस्य उठून म्हणाला, "अध्यक्ष महाराज",
आणि खालच्या टेबलावरून मला दिसलं,
साहेबांचे कान लाल झालेत.
आमच्या गावात महाराज म्हटलं
की मान आपोआप दसरा चौकाकडं वळते.

खुर्ची मात्र त्यांनी नीट सांभाळली.
घंटा कमी वाजवायचे. नुसते उभे राहायचे.
अध्यक्ष उभे राहिले की सभागृहानं बसायचं,
हा नियम त्यांना कुठल्याही डावापेक्षा आवडायचा.

एका हिवाळ्यात धरणाची चर्चा लागली.
धरण त्यांच्याच तालुक्यातलं,
पाण्याखाली गेलेली सोंडवाडी,
आणि एकोणीस वर्षं पत्र्याच्या शेडात
पावसाचा आवाज ऐकत राहिलेली माणसं.
मागच्या बाकावरचा नवखा पोरगा उठला,
हातात कागद नव्हता.
एक वाक्य बोलला.
असंसदीय म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं.
साहेब उभे राहिले. सगळे बसले.
पोरगा बसला नाही.
"हे वाक्य कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे."

माझी पेन्सिल तोवर पुढं निघून गेली होती.
टंकलेल्या प्रतीत मी ठिपके दिले.
वहीत ते राहिलं: एक आडवी रेघ, तिला आकडी,
डोक्यावर एक टिंब.
पाठ लागली होती त्या दिवशी.
शिट्टी कुणी फुंकली नाही, इतकंच.

पुढची निवडणूक अकराशे मतांनी गेली.
सोंडवाडीच्या केंद्रावर नऊ मतं.
ती नऊ कुणाची, हे ते अजून
बोटांवर मोजतात. आठाशी अडतात.

परवा पतसंस्थेच्या वार्षिक सभेत
लाभांशावरून खुर्च्या सरकल्या, आरडाओरडा झाला.
हे सवयीनं उभे राहिले.
हात किंचित वर, हनुवटी पुढं.
मागून कुणीतरी ओरडलं,
"अण्णा, खाली बसा की! काय दिसंना!"
बसले.
धोतराचा सोगा बराच वेळ सारखा करत राहिले.

आज दुधाचा ग्लास अर्धाच ठेवून म्हणाले,
"तुमच्या वह्या कुठं असतात हो?"
"रद्दीत गेल्या, साहेब."
(ट्रंकेत आहेत. डांबराच्या गोळ्यांसकट.)
"असू द्या," म्हणाले. "माझं पाठ आहे."
आणि मिशीवरचा फेस न पुसता,
म्हशींच्या, किटल्यांच्या, सायकलींच्या मधोमध
त्या पोराच्या आवाजात म्हणाले,

"अध्यक्ष महाराज,
सोंडवाडीची माणसं अजून तुम्हाला केरबाच म्हणतात."

धार काढणाऱ्यानं मान वर केली.
"कोण केरबा?"

माझा हात खिशाकडं गेला, पेन्सिलीसाठी.
खिशात सुट्टे पैसे होते.