हाड, शेकडा दहा

मौलाअलीच्या दुकानापुढं पहिल्यांदा उभी राहिले
तेव्हा पदर नाकाला होता, नजर
समोरच्या सायकलच्या पंक्चरवर.
"बाई, वाट चुकलाव काय?"
त्याच्या पोरीला मी चौथीत शेकडेवारी शिकवलेली.
म्हटलं, नाही रे. अर्धा किलो दे.
कशाचं, ते सांगता येईना.

आमच्या घरात अंड्याचं टरफल कधी आलं नाही.
गळ्यात लिंग, कपाळाला विभूती,
आणि दारात ही कारवानी,
तुरीच्या डाळीच्या रंगाची म्हणून तुरी.
मोंढ्यात कुणीतरी सोडून गेलेलं.
बरगड्या लांबूनच मोजता येत होत्या.
दूधभाकरी घातली, दुधात बिस्किट घातलं;
चाटूनपुसून खायची
आणि तासाभरानं बेलाच्या झाडाखाली सगळं ओकायची,
वर माझ्याकडंच बघायची, जणू मीच काही विसरले.

गुट्टे डॉक्टरीण लहान आहे, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची.
तिनं तुरीचा ओठ वर केला.
"हे दात बघा बाई. हे भाकरीचे आहेत का?"
औषधाच्या चिठ्ठीमागं लिहून दिलं:
शंभरात ऐंशी मांस, दहा हाड,
पाच काळीज, पाच बाकीचं आतलं, गुर्दा नाहीतर तिल्ली.
हाड कच्चंच. शिजवलं की काचेसारखं फुटतं, आतडं चिरतं.
"आणि हृदय?" मी विचारलं.
"ते मांसात धरा. नुसता स्नायूच असतो."

तेहतीस वर्षं कवितेच्या तासाला
फळ्यावर मी काय काय लिहीत आले.

गणित होतं म्हणून मी हो म्हणाले.

यांच्या बियाण्याच्या दुकानातला पितळी तराजू
माळ्यावरून काढला, चिंचेनं घासला.
ज्या पारड्यात कपाशीचं बी, करडई, सूर्यफूल,
त्यात आता केळीचं पान, पानावर
चारशे, पन्नास, पंचवीस, पंचवीस.
हातमोज्यांचा डबा आणला होता शंभराचा.
पन्नास दिवसांत संपला.
दुसरा आणायचा राहिला, तो राहिलाच.

सकाळी परसात वही तपासावी तशी
तिची शी तपासते.
खडूसारखी पांढरी, भुरभुरीत: हाड जास्त झालं.
सैल: काळीज जास्त, किंवा माझी घाई.
गडद, घट्ट, एका जागी: बरोबर.
मनातल्या मनात लाल शाईची खूण.
शेजारची चन्नम्मा भिंतीवरून बघती,
"काय गं, शेवटी हेच राहिलं होतं का बघायचं?"
हेच राहिलं होतं.

पोट एखादा दिवस रिकामं राहिलं तरी चालतं,
उलट बरं, डॉक्टरीण म्हणाली.
म्हणून सोमवारी आम्ही दोघी उपाशी.
मी शिवाला बेल वाहते,
ती उंबऱ्याबाहेर पाय पसरून पडते,
दुपारी एकदा तराजूकडं बघून येते.

माझा फोटो काढला लातूरला, कमरेचा.
डॉक्टर म्हणाले हाडं पोकळ झालीत, आजी, जपून.
गोळ्या दिल्या, चुना भरलेल्या.
मी त्यांना तुरीचा हिशेब सांगितला नाही.

मौलाअली आता विचारत नाही.
बकरीच्या मानेचं नरम हाड बाजूला ठेवतो,
"शेकडा दहाच, बाई, बघा," म्हणत काटा माझ्याकडं फिरवतो.
परवा दोन ग्रॅम कमी भरलं तर
त्यानंच जीभ चावली.

संध्याकाळी परसात पान ठेवते.
माझ्या आईच्या कानडीतलं एकच हाकेचं अक्षर उरलंय माझ्याकडं,
तेच वापरते: बा.
ती येते. मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून
दाढेखाली हाड घेते.
कर्र. मग थोडं थांबून, कर्र.
पहिल्या महिन्यात मी आत जाऊन रेडिओ लावायचे.
आता पायरीवर बसते.
खायलीय तोवर बसते.

मग साबणानं हात धुते, दोनदा.
आधी सातदा धुवायचे.