रुंद पान

दुकानदार म्हणाला, हे औषध गव्हाला ओळखतं,
रुंद पानाचं तेवढंच मरतं.
सोळा लिटरच्या पंपाला दोन झाकणं.
वारा असेल तर थांबायचं.

थांबलो नाही. संध्याकाळी शिरूरला काम होतं.

तिसऱ्या दिवशी चंदनबटवा मान पिळल्यासारखा,
जणू रात्रभर कुणी हाका मारत होतं
आणि तो वळून वळून बघत राहिला.

ठकूमावशी आल्या, न बोलावता, खुरपं घेऊन.
"दोन दिसाचं काम होतं रं हे,
अन् दोन येळची भाजी."
मग सवयीनं उकिडव्या बसल्या.
खुरपं मारलं. ढेकूळ फुटलं नाही,
वाजलं.
बोटानं उकरत म्हणाल्या, "हितं गांडुळं असायची,"
कुलूपबंद दारापुढं म्हणावं तसं,
हितं अमके राहायचे.

मी गहू दाखवला. गहू झकास होता,
एका उंचीचा, कवायतीला उभा असल्यासारखा.
"हाय की," म्हणाल्या,
आणि ओळीच्या बुडातून लव्हाळा उपटला,
ताजा, बोटभर.
पात हातात आली, गाठ खालीच राहिली.
"ह्याची न्हाई का वळख तुज्या औषधाला?"

हात लुगड्याला पुसून त्या मलठणच्या वाटेला लागल्या.
तळवा तेवढा दिसला मला:
रुंद, शिरांचा.

पंप धुवायचा होता.
ओढ्याकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं,
बांधावरच्या घोळीकडं बघितलं.
पट्टा अजून खांद्यावरच आहे.