तिसरी भाकरी

जावयाची अल्टो दोन दिवसांसाठी मागून आणली ह्यांनी.
बावीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेला माणूस,
एवढ्याशा गाडीत गुडघे कुठं ठेवावेत कळेना.
फुलेवाडीचा नाका गेला, बालिंग्याचा पूल गेला,
खाली भोगावती, वर आम्ही दोघं,
मधे गिअरपाशी भाकरीचं गाठोडं.

हे गावं ओळखतात फॅटवरनं.
"कोपार्डे. म्हशीचं सात-दोन. उन्हाळ्यात पडतं."
"कळे. हितला सेक्रेटरी पाणी दिसलं की डोळं मिटायचा."
मी विचारलं, ते देऊळ कुणाचं हो?
म्हणाले, डेअरीमागचं.

प्रत्येक संस्थेसमोर पाय आपोआप ब्रेकवर.
कॅन नाहीत, पावती नाही, कुणी हाक मारत नाही,
तरी गाडी अर्धी थांबते
आणि मागचा उसाचा ट्रॅक्टर शिव्या घालतो.

मला हा रस्ता ठाऊक होता तो इतकाच:
रात्री दोनचा गजर, तव्यावरचा पहिला पापुद्रा,
लसणाची चटणी, फडक्याची गाठ,
मग दार ओढून घेतल्याचा आवाज.
पुढचं सगळं ह्यांचं.

साळवणच्या पुढं ऊस मागं पडला.
आणि मग गवत.
डोंगराच्या डोंगर गवत, झाड म्हणून लांब लांब एखादं,
पंधरा दिवसांच्या रेडकाच्या अंगासारखं तांबूस,
वारा आला की तसंच शहारणारं.
एवढी मोकळी जागा कुणी मला दाखवलीच नव्हती.
मी काच खाली केली. बोलले नाही.

वळणावर म्हशी आडव्या. तीस-पस्तीस असतील.
धनगराचं पोरगं मोबाईलमध्ये मान घालून,
हात तेवढा वर: थांबा.
मी म्हटलं, वाजवा की हॉर्न.
हे म्हणाले, "ह्यास्नी कसला हॉर्न मारतीस?
ह्यांच्यावर घर चाललं आपलं."
शेवटची म्हैस जाईपर्यंत इंजिन बंद.
शेण, ऊन, गवत, आणि मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक.

बोरबेटच्या फाट्याला जांभळीखाली गाडी लावली.
आणि तिथं मात्र ह्यांनी हॉर्न मारला.
दोन आखूड, एक लांब.

गवत हललं.
एक तांबडी कुत्री, कान फाटका,
पोटाला कुसळं चिकटलेली, अशी आली
जशी कामाला उशीर झालेली बाई येते.
मागनं काठी टेकत एक म्हातारा:
"आवं केरबा ड्रायव्हर! टँकर कुटं हाय?"
"सोडला," हे म्हणाले. "ही मंडळी."

मंडळी गाठोड्याकडं बघत होती.
ह्यांचे हात गाठ सोडत होते, सवयीनं,
भाकरी मोडत होते, सवयीनं,
दीड इकडं, दीड तिकडं.

"रोज?" मी विचारलं.
"तू तीन बांधायचीस. मला दीडच लागायची."
"कधी म्हणाला नाहीत."
"आदी हिची आई हुती. तिच्या आदी एक लंगडा."

संताप आला, खरं सांगते.
ताप असताना थापलेल्या, बाळंतपणानंतर थापलेल्या,
पीठ संपलं तेव्हा शेजारच्या रुक्साना भाभीकडनं आणून थापलेल्या,
पोटभर जाऊ दे माणसाच्या म्हणून
हट्टानं बांधलेली ती तिसरी.

कुत्रीनं खाल्लं. तोंड पुसलं गवताला.
मग ह्यांना सोडून माझ्याकडं आली,
माझा हात हुंगला, पालथा, मग उलथा,
आणि शेपूट हलवायची विसरून
हुंगतच राहिली.

परत येताना कळ्याला पुन्हा पाय ब्रेकवर.
या वेळी मी उतरले. अर्धा लिटर द्या म्हटलं, फॅट किती?
आतली पोरगी म्हणाली, काकू, किरकोळ मिळत नाही.
गाडीत हे एवढे हसले की ठसका लागला.

रात्री दोनला जाग आलीच.
अंधारात हिशेब मांडून बघितला, जमेना.
एवढंच डोळ्यापुढं, की इतकी वर्षं रोज पहाटे
त्या गवतातनं माझं काहीतरी धावत यायचं
आणि मी इथं भांडी घासत असायचे.

हे पण जागेच.
कुशीवर वळून म्हणाले,
"गाडी उद्या सांजपातूर हाय.
चार बांध."