अकरा की बारा

हॅनकॉकमध्ये रविवारी रात्री
दोनच दिवे जागे असतात,
पेट्रोलपंपाचा आणि या धुलाईच्या दुकानाचा.
बाहेर बर्फ गाड्यांच्या आरशांपर्यंत आलाय.
आत सात नंबरच्या ड्रायरमध्ये
आईचे हॉस्पिटलचे निळे कपडे गरगरतायत
आणि टोइवो, माझा भाऊ, इयत्ता सातवी,
बंद मशीनच्या झाकणावर फोल्डर उघडून उभा आहे.

चौदा दिवस न्यूमोनिया.
फुप्फुसं रिकामी होत गेली, फोल्डर भरत गेला.
वर पेलेटियर बाईंची चिठ्ठी, हसरा चेहरा काढलेली:
सवडीने कर. शुक्रवारपर्यंत.

गणिताची नऊ पानं, विज्ञानाची चार,
आणि एक पान कशाचं ते दोघांनाही कळेना,
ते आम्ही सगळ्यांत खाली सरकवलं.

"तीन भागिले एक चतुर्थांश," तो वाचतो.
उलटा कर आणि गुण, मी म्हणते.
"का?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं.
सातवीत मी उलटं केलं, गुणलं, पास झाले.
आता टायरच्या दुकानात हिशेब लिहिते,
आणि त्या एका अक्षरापुढे
मिठाची गुळणी धरून बसले.

मग ड्रायरसाठी आणलेली नाणी काढली,
पाव डॉलरची सगळी.
हे तीन डॉलर. यात पाव कितीदा बसतो, मोज.
बोलता बोलता माझं मलाच
पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

तो ओळीत लावतो. मोजतो. पुन्हा मोजतो.
"अकरा."
"बारा."
"अकरा आहेत, हेल्मी. बघ ना."

होती खरंच अकरा.
पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारा,
माझ्या डोक्यात बारा,
झाकणावर अकरा,
आणि तो झाकणाच्या बाजूने उभा, हटायला तयार नाही.
चौदा दिवस मागे पडलेलं पोर
इतकं ठाम असेल असं वाटलं नव्हतं.

"नऊ नंबरखाली गेलं एक,"
कोपऱ्यातून हिल्टुनेन आजोबा म्हणाले, पेपर खाली न करता.
"मघाशीच आवाज आला."

पालथे पडून पट्टीने ओढलं:
धाग्यांचा गोळा, एक बटण,
कुणाच्या तरी बाळाचा मोजा, एकच,
आणि बारावं.

टोइवोने लिहिलं १२.
शेजारी बारीक अक्षरात: एक मशीनखाली होतं.

विज्ञानाच्या पानावर अंडं होतं,
साध्या पाण्यात बुडणारं, मिठाच्या पाण्यात तरंगणारं.
वर्गाने ते गेल्या मंगळवारी पाहिलं.
'तुम्हाला काय दिसलं?' आणि पाच ओळी.
पहिलीवर त्याने आधीच लिहून ठेवलं होतं:
मी नव्हतो.

मी खोडरबर उचलला, परत ठेवला.

बेसिनला बोळा लावून पाणी भरलं
आणि तो मोजा अलगद वर सोडला.
बराच वेळ तरंगला.
टाचेकडून गडद होत गेला,
दोन बुडबुडे आले, मग एक,
मग विचार करून ठरवल्यासारखा
तळाशी जाऊन बसला.

"हवा गेली त्याच्यातली," टोइवो म्हणाला,
आणि थोडा वेळ काही बोलला नाही,
हात छातीवर, खोकला अजून आहे तिथे.

उरलेल्या चार ओळी मोज्याने भरल्या.
अंड्याला किती गुण, मोज्याला किती,
ते बाई बघतील.

ड्रायर थांबला. निळे कपडे कमरेशी ओलेच.
चार नाणी पुन्हा आत गेली.
"किती डॉलर उरले?" मी सवयीने विचारलं.
"हे पण फोल्डरमध्ये आहे का?"

अकरा पानं अजून बाकी,
ते अनोळखी धरून.
आणि उद्या वर्ग शेकडेवारी सुरू करणार आहे,
आणि गाडीवरचा बर्फ काढायचाय.