निवेदक क्रमांक सतरा

फैजपूरला, कॉलेजच्या रस्त्यावर,
झेरॉक्सच्या दुकानात मागच्या टेबलावर मी बसते.
पानामागे बारा रुपये. तक्ता असेल तर अठरा.
आजवर चार जण माझ्या बोटांतून डॉक्टर झाले.

हा पाचवा प्रबंध, हेमलता झांबरे मॅडमचा :
केळी पट्ट्यातील स्त्री-मजूर, सामाजिक न्यायाच्या दृष्टीतून.
चांगल्या आहेत मॅडम. चहा सांगतात तेव्हा दोन सांगतात.
'परीघ' हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकले,
पहिल्या प्रकरणात तो एकेचाळीस वेळा आहे.

तक्ता क्रमांक नऊ.
निवेदक सतरा. वय अंदाजे पन्नास. तडवी. निरक्षर.
काम : घड वाहणे.
घरातील निर्णय कोण घेते? उत्तर नाही.
शेरा : निवेदक विषयांतर करते.

अठरा रुपयांच्या त्या पानावर मी थांबले.
त्या दिवशी मॅडमना पाणी मीच दिलं होतं,
खुर्ची शेजारून आणली होती. एकच मिळाली.
त्यांनी प्रश्न वाचला, आणि आई, हुरमतबाई,
लुगड्याचा पदर पसरून दाखवायला लागली
की हा डाग सावद्याचा, हा विवऱ्याचा,
हा, मुकादमानं अर्धा रोज कापला त्या दिवसाचा.
केळीचा चीक धुवून जात नाही.
तिनं ठिकाण, वार, सगळ्यासकट उत्तर दिलं होतं.
मॅडम पेन बंद करून ऐकत होत्या, मान हलवत.
मान हलवणं तक्त्यात बसत नाही.

पान अकरा. संशोधिकेची भूमिका.
'मी याच परिसरातील असल्याने
विश्वास संपादन करणे सोपे गेले.'

मॅडम, म्हटलं, इथे एक ओळ राहिली का?
कोणती?
विवऱ्याचा मळा तुमच्या वडिलांचा आहे, ती.

पुढे कुणीतरी आधार कार्डाच्या दोन प्रती मागत होतं.
मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत पुसला.
मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक,
आणि मालक हे माझ्या पगारातून वळते करणार.
'ऊठ,' म्हणाल्या. माझ्या स्टुलावर बसल्या.
दोन बोटांनी, काना शोधत, वेलांटी चुकवत.
'सांग तू. हळू सांग.'
मी उभ्यानं सांगत राहिले.
'चुंबळ' त्यांना काही केल्या उमटवता येईना,
तेवढा एक शब्द मी वाकून टाकला.

अकरा ओळी झाल्या.
जळगावहून मार्गदर्शकांनी नऊ खोडल्या :
भावनिक. पुरावा द्यावा.
दोन उरल्या. तळटीप. आठचा फाँट.

घरी आईनं विचारलं, केवढं आलं माझं?
मी नखाचं टोक दाखवलं.
ती हसली नाही. चुंबळीचं फडकं झटकत म्हणाली,
'चीक पडतो तव्हा पान्यासारखाच राहतो, पोरी.
काया व्हतो तो मंग.'

मॅडमना पदवी मिळाली. दुकानात पेढे आले.
विवऱ्याला रोज अजून तेवढाच आहे,
आणि हे मी कुठल्या तक्त्यात वाचलेलं नाही.

काल सहावा प्रबंध आला, नर्सिंगवाल्या एका सरांचा.
धडगावच्या बायका, बाळंतपण, नकार.
शेऱ्याचा रकाना बोटभर होता.
मी तो थोडा रुंद केला.
कुणी सांगितलं नव्हतं.